हराम आणि हलाल यांच्या दरम्यान



मराठी बोलणाऱ्या माणसाला इस्लामी धर्मशास्त्रांतील दोन शब्द न शिकतां येतात. एक ‘हराम’ आणि दुसरा ‘हलाल’. पहिला आपण रागाच्या भरांत वापरतों, दुसरा दुकानाच्या पाटीवर वाचतों. एवढ्याशा ओळखीवरून आपली अशी समजूत होऊन बसते, कीं इस्लामी कायदा म्हणजे दोन कप्प्यांची पेटी आहे. एका कप्प्यांत करावयाच्या गोष्टी, दुसऱ्यांत न करावयाच्या, आणि मध्यें जागाच नाहीं. पुष्कळ सुशिक्षित घरांतून ही समजूत आढळते. आणि ती केवळ मुसलमानेतरांचीच असते असेंहि नाहीं. वस्तुस्थिति निराळी आहे. तेथील शास्त्रकारांनीं मनुष्याच्या कृतींचे दोन नव्हे, पांच वर्ग केले. आणि त्यांपैकीं तीन वर्ग आपल्याला रिकाम्या वाटणाऱ्या त्या मधल्या जागेंतच आहेत. ते वर्ग कोणते, एखादी कृति कोणत्या वर्गांत पडते हें ठरवितात कसें, आणि हा निव्वळ पंडिती खटाटोप नसून त्यावर आपल्याच देशांतील स्त्रियांचा संसार कसा अवलंबून राहिला, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करतों. ‘शरीअत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पाणवठ्याकडे नेणारी वाट असा सांगतात. वाळवंटांत ती वाट चुकणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. या वाटेचा मनुष्याच्या बुद्धीनें लावलेला अर्थ म्हणजे ‘फिक्ह’. फिक्ह म्हणजे उमगणें. वाट ईश्वराची, तिचें आकलन मनुष्याचें. आणि आकलन मनुष्याचें म्हणूनच त्यांत मतभेदाला जागा आहे. सुन्नी मुसलमानांत हनफी, मालिकी, शाफिई आणि हंबली असे चार संप्रदाय आजहि नांदत आहेत. शियांचा जाफरी संप्रदाय आणखी वेगळा. उत्तर हिंदुस्थानांतील आणि दख्खनमधील बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत; पण आपल्या किनारपट्टीवरील कोंकणी मुसलमान मात्र शाफिई आहेत. अरबस्तानाशीं त्या किनाऱ्याचे जे जुने दर्यावर्दी संबंध, त्यांची ही खूण होय. हा भेद लक्षांत ठेवावा. पुढें त्याचा उपयोग आहे.

कृतीविषयींचा शास्त्राचा निर्णय म्हणजे ‘हुक्म’. आपला ‘हुकूम’ तो हाच. पण हा हुकूम लागू कोणास? जो मनुष्य वयांत आलेला आहे आणि ज्याची बुद्धि ठिकाणावर आहे, त्यास. त्याला ‘मुकल्लफ’, म्हणजे ज्याच्यावर भार ठेवलेला आहे असा, हें नांव आहे. अजाण मूल, वेडा आणि झोपेंत असलेला माणूस यांच्या कर्मांची नोंद पापपुण्याच्या वहींत होत नाहीं, असा पैगंबरांच्या एका वचनाचा आशय आहे. मात्र त्या अजाण मुलानें शेजाऱ्याचा घडा फोडला, तर त्याची किंमत मुलाच्या मालमत्तेंतून भरून द्यावी लागते. पाप नाहीं, पण देणें आहे. पाप आणि देणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धागा आपण येथेंच हातीं धरून ठेवूं.

आतां ते पांच वर्ग पाहूं. ते समजण्याची सोपी युक्ति अशी, कीं प्रत्येक कृतीविषयीं दोन प्रश्न विचारावयाचे : केली तर काय, आणि न केली तर काय?

केली तर पुण्य आणि न केली तर पाप, अशी जी कृति ती ‘फर्ज’ किंवा ‘वाजिब’, म्हणजे आवश्यक. दिवसांतून पांच वेळां नमाज पढणें, रमजान महिन्याचे रोजे ठेवणें, ऐपतदारानें जकात देणें, हीं याचीं ठळक उदाहरणें. केली तर पुण्य, पण न केली तर पाप नाहीं, अशी कृति ‘मन्दूब’, म्हणजे प्रशस्त. हिलाच ‘मुस्तहब’ असेंहि म्हणतात. जकात देऊन झाल्यावर आपखुशीनें केलेला दानधर्म हा त्यांतला. केली काय आणि न केली काय, पुण्य नाहीं आणि पापहि नाहीं, अशी कृति ‘मुबाह’. न केली तर पुण्य, पण केली तरी पाप नाहीं, अशी कृति ‘मक्रूह’, म्हणजे शास्त्रास न आवडणारी. आणि जी टाळल्यानें पुण्य व केल्यानें पाप, ती ‘हराम’. चोरी, व्याजबट्टा, मद्यपान या गोष्टी येथें येतात. ‘हलाल’ हा यांतला स्वतंत्र वर्ग नव्हे. जें हराम नाहीं तें सारें ढोबळ मानानें हलाल.

मौज अशी, कीं यांतील बहुतेक शब्दांचे आप्त मराठींत केव्हांच येऊन स्थायिक झाले आहेत. ‘वाजिब’पासून आपला ‘वाजवी’ आला. पण येतांना त्याची धार बोथट झाली, आणि जें केलेंच पाहिजे तें, याऐवजीं जें रास्त आहे तें, असा त्याचा अर्थ झाला. ‘मुबाह’पासून आपली ‘मुभा’ आली आणि तिनें आपला अर्थ जवळजवळ जसाच्या तसा राखला. पैगंबरांचा घालून दिलेला परिपाठ तो ‘सुन्नत’. त्या विस्तृत शब्दांतून एकच विधि उचलून आपण त्याला ‘सुंता’ म्हणूं लागलों. फक्त ‘मक्रूह’ हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यांत उतरलेला दिसत नाहीं; आणि कदाचित् म्हणूनच आपल्याला ती पेटी दोन कप्प्यांची वाटते.

या वर्गांचे पोटभेदहि विचार करण्याजोगे आहेत. फर्जाचे दोन प्रकार आहेत. एक ज्याचा त्यानें करावयाचा, त्यास ‘फर्ज ऐन’ म्हणतात; उदाहरणार्थ, नमाज. माझी नमाज माझ्याऐवजीं भावानें पढून चालत नाहीं. दुसरा साऱ्या समाजावर मिळून असलेला; तो ‘फर्ज किफाया’. गांवांत कोणी मेला तर त्यास न्हाऊं घालून, त्याच्यासाठीं प्रार्थना करून त्याला पुरणें हें कोणी तरी केलेंच पाहिजे. चौघांनीं केलें कीं बाकीचे सुटले. कोणींच केलें नाहीं तर सारा गांव पापी. इमाम गज्जाली हा सन १०५८ ते ११११ या काळांतला थोर पंडित. त्यानें वैद्यक आणि गणित या विद्यांचा समावेश याच प्रकारांत केला आहे. इतकेंच नव्हे, तर त्यानें आपल्या काळच्या पंडितांना असा टोला हाणला आहे, कीं अनेक गांवांतून मुसलमान वैद्य औषधाला सांपडत नाहीं, आणि तरी जो तो धर्मशास्त्राच्या वादविवादाकडे धांवतो; कारण तेथें अधिकार मिळतो, मानमरातब मिळतो. समाजाचें ऋण अमक्या धंद्यानें फिटतें आणि तमक्यानें नाहीं, हा विचार नऊशें वर्षांपूर्वीं एका धर्मपंडितानें असा मांडून ठेवलेला आहे.

प्रशस्त आणि आवश्यक यांचें नातेंहि पाहण्यासारखें आहे. भेटल्यावर आपण होऊन सलाम करणें ही सुन्नत, म्हणजे प्रशस्त गोष्ट. न केला तर पाप नाहीं. पण कोणी सलाम केल्यावर त्याला उत्तर देणें मात्र आवश्यक आहे. सौजन्याचा आरंभ ऐच्छिक, पण दुसऱ्याच्या सौजन्याची उपेक्षा करण्याची मुभा नाहीं. तसेंच मक्रूहाचें. कच्चा कांदा किंवा लसूण खाणें यांत पाप नाहीं. पण तो खाऊन, तोंडाला वास येत असतां, मशिदींत चारचौघांच्या ओळींत उभें राहणें हें मक्रूह. येथें कोणी काजी शिक्षा ठोठावीत नाहीं. शेजाऱ्याच्या नाकाची कदर करावी, एवढीच सूचना आहे.

हनफी पंडितांनीं या पांचांत आणखी बारकावा आणला. इतर संप्रदायांत फर्ज आणि वाजिब हे एकाच अर्थाचे दोन शब्द. हनफींनीं ते वेगळे केले. निःसंशय प्रमाणानें सिद्ध झालेलें तें फर्ज, आणि ज्याच्या प्रमाणांत किंचित् शंकेला जागा आहे तें वाजिब. त्याचप्रमाणें मक्रूहाचेहि दोन भाग केले. एक हरामाला खेटून असलेला आणि दुसरा मुभेच्या बाजूला झुकलेला. याचा परिणाम प्रत्यक्ष व्यवहारांत दिसतो. बकरीदची कुर्बानी हनफी मतें ऐपतदारावर वाजिब आहे. शाफिई मतें ती जिचा परिपाठ आग्रहानें राखावा अशी सुन्नत आहे. म्हणजे मराठवाड्यांतील हनफी घर आणि रत्नागिरीकडील शाफिई घर एकाच दिवशीं एकच विधि करीत असतां, एक तो कर्तव्य म्हणून करतें आणि दुसरें प्रशस्त आचार म्हणून. ताटांतल्या कोळंबीचीहि तीच गोष्ट. शाफिई मतानें समुद्रांतले जीव सामान्यतः खाण्यास मोकळे; हनफी मतानें फक्त मासा चालतो, आणि मग कोळंबी हा मासा म्हणावा कीं नाहीं, यावर पंडितांचा वाद. कोंकणच्या किनाऱ्यावर शाफिई मत रुजलें हें त्या बिचाऱ्या कोळंबीच्या दृष्टीनें मात्र दुर्दैवच म्हणावयाचें!

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. कोणती कृति कोणत्या वर्गांत, हें ठरवावयाचें कसें? कुराण, पैगंबरांचा आचार, पंडितांचें एकमत आणि सादृश्यावरून केलेलें अनुमान, हीं चार प्रमाणें सुन्नी शास्त्रकार मानतात. पण प्रमाण हातीं आलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. कुराणांत एखादी गोष्ट ‘करा’ अशी आज्ञार्थी क्रियापदानें सांगितली, तर ती नेहमींच आवश्यक समजावयाची काय? यावर शास्त्रकारांनीं फार खोल विचार केला. सामान्य नियम असा, कीं आज्ञार्थ हा कर्तव्य दाखवितो. पण हज यात्रेकरूचें व्रत सुटल्यावर ‘शिकार करा’ असें जें कुराणांत सांगितलें आहे, त्याचा अर्थ प्रत्येक हाजीनें धनुष्य घेऊन बाहेर पडलेंच पाहिजे असा कोणीहि करीत नाहीं. आधीं मना केलेली गोष्ट आतां मोकळी झाली, एवढाच त्याचा भावार्थ. तेथें आज्ञार्थ मुभा दाखवितो. तसेंच मुदतीचें कर्ज लिहून ठेवा, अशी कुराणाची स्पष्ट सूचना आहे. बहुसंख्य पंडितांनीं ती प्रशस्त मानली, कारण परस्परांवर विश्वास असल्यास तेवढ्यावर व्यवहार चालेल, असें लगेच पुढच्या आयतींत सुचविलें आहे. स्पेनमधील इब्न हज्म या शब्दनिष्ठ पंडितानें मात्र लिहिणें आवश्यकच आहे असें मत दिलें. एकच वाक्य, पण एकाच्या वाचनानें चिठ्ठी न लिहिणारा पापी ठरतो आणि दुसऱ्याच्या वाचनानें फक्त थोडा गाफील. आपल्याकडील मीमांसकांनीं विध्यर्थाच्या प्रत्ययावर जो काथ्याकूट केला, तो ज्यांनीं वाचला असेल त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. धर्मवाक्यांतून कर्तव्य काढावयाचें म्हटलें, कीं व्याकरण हें आचाराचें दार होतें, हा दोन्हीकडचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट अशी, कीं कृतीवर मारलेला शिक्का कायमचा नसतो. विवाहाचें उदाहरण घ्या. साधारण माणसाला विवाह प्रशस्त. पण विवाह न केल्यास आपला पाय घसरणार अशी ज्याला खात्री वाटते आणि ज्याची ऐपत आहे, त्याला तो आवश्यक. ज्याला बायकोचे हक्क आपल्याकडून राखले जातील कीं नाहीं अशी भीति वाटते, त्याला मक्रूह. आणि आपण तिच्यावर अन्याय करणार हें ज्याला निश्चित ठाऊक आहे, त्याला तोच विवाह हराम. मंडप तोच, शब्द तेच. पण नवऱ्या मुलाच्या अंतःकरणाप्रमाणें कर्माचा वर्ग बदलतो. रोजा ठेवणें पुण्याचें, परंतु ईदच्या दिवशीं तो ठेवणें निषिद्ध. मेलेल्या जनावराचें मांस निषिद्ध, पण भुकेनें प्राण जाण्याची वेळ आली तर तें जीव जगविण्यापुरतें खाण्यास मोकळीक आहे. कांहीं पंडितांच्या मतें तर अशा वेळीं तें न खातां मरणें हेंच पाप.

ज्या गोष्टीचें नांवहि जुन्या ग्रंथांत नाहीं, ती नव्यानें पुढें आली म्हणजे काय करावयाचें? याचें सर्वांत रंजक उदाहरण म्हणजे आपली कॉफी. पंधराव्या शतकांत येमेनमधील सूफी लोक रात्रींच्या नामस्मरणांत जाग राहावी म्हणून कॉफी पीत असत. तेथून ती मक्केस आली. सन १५११ मध्यें खैर बेग या तेथील मामलूक अधिकाऱ्यास, रात्रीं मशिदीजवळ दिव्याच्या उजेडांत कांहीं मंडळी कसला तरी पेला फिरवीत आहेत, असें दिसलें. त्याला संशय आला. त्यानें पंडितांची सभा भरविली. पंडितांनीं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कॉफीपानाच्या निमित्तानें जमून लोक जे अनुचित प्रकार करतात, ते बंद करावेत यावर कोणाचा वाद नव्हता. पण त्या बियांविषयीं त्यांचें म्हणणें असें पडलें, कीं प्रत्येक वनस्पति मुळांत मुबाह. ती शरीराला किंवा बुद्धीला अपाय करते असें सिद्ध झालें तरच ती निषिद्ध, आणि तें सांगणें वैद्याचें काम. तेव्हां दोन वैद्यबंधूंना बोलावण्यांत आलें व त्यांनीं ती अपायकारक असल्याची साक्ष दिली. सभेंतील एकजण उठून म्हणाला, कीं हिचा अंमल अगदीं दारूसारखा चढतो. तुला दारूचा अंमल कसा ठाऊक, असें विचारतां त्यानें आपण ती प्यालों असल्याचें कबूल केलें, आणि त्याबद्दल त्यालाच शिक्षा झाली, अशी हकीकत सांगतात. मक्केंत कॉफीबंदी झाली, रस्त्यांत बुंद जाळण्यांत आले. परंतु कैरोहून सुलतानाचा जो हुकूम आला, त्यांत गैरवर्तनाच्या बैठकींना मनाई होती. कॉफीला सरसकट मनाई नव्हती. पुढें वाद होत राहिले, पण अखेर कॉफी मुभेच्या वर्गांत स्थिरावली. त्याच मक्केच्या यात्रेहून बाबा बुडन यांनीं कॉफीचे दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावले, अशी दंतकथा आहे. तंबाखू आली तेव्हां तोच वाद पुन्हां झाला. ती मुबाह, ती मक्रूह, ती हराम, अशीं तिन्ही मतें मोठमोठ्या पंडितांनीं मांडलीं.

या हकीकतींतील तत्त्व महत्त्वाचें आहे. वस्तूंची मूळ स्थिति मुभेची आहे. निषेध करणाऱ्यानें पुरावा आणावा. निरपराध माणसाला अपराधी ठरविणाऱ्यावर जसा पुराव्याचा भार, तसाच येथें कृतीला निषिद्ध ठरविणाऱ्यावर आहे. उपासनेच्या बाबतींत मात्र याच्या उलट. तेथें नवीन विधि घालूं पाहणाऱ्यानें प्रमाण दाखविलें पाहिजे. देव्हाऱ्यांत नावीन्य संशयास्पद, आणि बाजारांत मोकळीक सहज, असा हा न्याय आहे.

आतां आपण सुरुवातीस हातीं धरलेल्या धाग्याकडे येऊं. वरील पांच वर्ग पापपुण्याचे आहेत. पण शास्त्रकारांनीं निर्णयांचा आणखी एक वेगळा संच मानला आहे. अमुक गोष्ट अमक्याची ‘सबब’, म्हणजे कारण. अमुक गोष्ट ‘शर्त’, म्हणजे अट. अमुक गोष्ट आड येणारी. आणि या सर्वांचा हिशेब होऊन व्यवहार ‘सहीह’, म्हणजे पक्का, किंवा ‘बातिल’, म्हणजे रद्द. आपले सबब, शर्त आणि कागदावरची सही हे याच घराण्यांतले शब्द. येथें प्रश्न पाप लागेल कीं नाहीं हा नाहीं. व्यवहार उभा राहिला कीं नाहीं, हा आहे. शुक्रवारच्या नमाजेची बांग झाल्यावर सौदा करणें हें पाप, याविषयीं वाद नाहीं. पण तसा सौदा झालाच, तर माल कोणाचा? हनफी आणि शाफिई मतें सौदा पक्का. माल विकत घेणाऱ्याचा. पाप दोघांच्या खातीं, माल मात्र एकाच्या घरीं. बळकावलेल्या जमिनीवर पढलेली नमाजहि बहुसंख्यांच्या मतें झाली. बळकावण्याचें पाप निराळें. हंबली मत मात्र, तशी नमाज झालीच नाहीं, असें सांगतें.

सौद्यापुरता हा भेद सोयीचा आहे. परंतु हाच भेद संसाराला लावला तेव्हां काय झालें, तें पाहा. घटस्फोटाची शास्त्राला सर्वांत पसंत असलेली रीति अशी, कीं आधीं दोन्ही घरचा एकेक मध्यस्थ बसवून समेट होतो का पाहावें. न झाल्यास पत्नी विटाळशी नसतां, आणि त्या ऋतुकाळांत संबंध आलेला नसतां, एकदांच तलाक उच्चारावा. मग तीन ऋतुकालांची मुदत; त्या मुदतींत पति आपला शब्द मागें घेऊं शकतो. राग ओसरावा, हा हेतु उघड आहे. याच्या उलट एका दमांत तीनदां तलाक म्हणून संबंध तोडून टाकणें, यास ‘तलाक-ए-बिदअत’, म्हणजे नवी काढलेली वाईट चाल, असें खुद्द हनफी पंडितांनीं नांव दिलें आणि असें करणारा पापी, असें स्पष्ट लिहिलें. दुसरे खलीफा उमर हे अशा नवऱ्याला फटके मारवीत, असेंहि परंपरा सांगते. पण त्याच पंडितांनीं पुढें हेंहि लिहिलें, कीं पापी असला तरी तलाक पक्का. पाप नवऱ्याच्या खातीं, आणि काडीमोड मात्र बायकोच्या पदरीं.

सर्वांचेंच मत असें होतें असें नाहीं. जाफरी शिया असा तलाक मानीतच नाहींत. सन १२६३ ते १३२८ या काळांतले हंबली पंडित इब्न तैमिया यांनीं, एका वेळचे तीन तलाक हे एकच होत, असें मत दिलें आणि त्यासाठीं छळ सोसला. इजिप्त देशानें सन १९२९ च्या कायद्यानें त्याच धर्तीचा नियम केला. आपल्याकडे मात्र इंग्रजी अमदानींत वेगळेंच घडलें. ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचें चार्ल्स हॅमिल्टन यानें केलेलें इंग्रजी भाषांतर सन १७९१ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि कोर्टें त्याच्या आधारें निकाल देऊं लागलीं. इंग्रजी कोर्टाला पापपुण्याच्या वहीशीं कर्तव्य नव्हतें. पांच वर्गांपैकीं प्रशस्त, मोकळें, नावडतें हे तिन्ही त्याच्या चाळणींतून गळून गेले. राहिलें एवढेंच, कीं व्यवहार पक्का कीं कच्चा. पूर्वींच्या काजीजवळ निदान नवऱ्याची कानउघाडणी करण्याचा अधिकार होता. या नव्या न्यायाधीशाजवळ तोहि नव्हता. सन १९०५ च्या सुमारास मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति बॅचलर यांनीं, असा तलाक धर्मदृष्ट्या वाईट असला तरी कायद्यानें चांगला आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते पुढें कित्येक निकालांत उद्धृत होत राहिले. एका वाक्यांत एका स्त्रीचें घर जाई, आणि धर्म व कायदा एकमेकांकडे बोट दाखवीत उभे राहत.

ही कोंडी फुटली ती सन २०१७ च्या २२ ऑगस्ट रोजीं. सुप्रीम कोर्टाच्या पांच न्यायमूर्तींपैकीं तिघांनीं एकदम तीनदां दिलेला तलाक रद्द ठरविला. दोघांचें मत विरुद्ध पडलें. न्यायमूर्ति नरीमन यांनीं आपल्या निकालपत्रांत नेमके हे पांच वर्ग पुढें मांडून विचारलें, कीं हा तलाक यांत बसतो कोठें? तो आवश्यक नाहीं, प्रशस्त नाहीं. फार तर मोकळा म्हणावा, पण खरें पाहतां तो चौथ्या, नावडत्या वर्गांत जातो. आणि जी गोष्ट धर्मानें केवळ सहन केली, ती धर्माचें आवश्यक अंग होऊं शकत नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा ओघ आहे. न्यायमूर्ति कुरियन जोसेफ यांनीं तर जुन्या वचनाचा रोख फिरविला, आणि जें धर्मशास्त्रांत वाईट तें कायद्यांतहि वाईटच, या निष्कर्षावर ते आले. या निकालांत ज्या आसफ अली असगर फैजी यांच्या ग्रंथाचा आधार घेतलेला आहे, ते सन १८९९ मध्यें आपल्या माथेरानला जन्मले आणि मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचा मुसलमानी कायद्यावरचा ग्रंथ सन १९४९ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाला. पुढें सन २०१९ च्या कायद्यानें असा तलाक रद्द तर ठरविलाच, शिवाय तो उच्चारणाऱ्या नवऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. ज्या शब्दांनीं विवाह मोडतच नाहीं, ते उच्चारल्याबद्दल तुरुंग कशासाठीं, असा आक्षेप या शिक्षेवर पुष्कळ विचारी माणसांनीं घेतला आहे. धाक हवाच, असेंहि तितक्याच आग्रहानें म्हणणारे आहेत. तो वाद आजचा विषय नव्हे.

आजचा विषय एवढाच, कीं त्या जुन्या पांच वर्गांत एक मोठें शहाणपण सांठविलेलें आहे, आणि त्यांत एक धोकाहि आहे. शहाणपण हें, कीं माणसाचें बहुतेक आयुष्य आज्ञा आणि निषेध यांच्या दरम्यान जातें, आणि तेथेंहि तो अगदींच वाऱ्यावर सोडलेला नसतो. कांहीं गोष्टी चांगल्या असतात, पण त्या सक्तीनें करवूं नयेत. कांहीं गोष्टी वाईट असतात, पण त्यांसाठीं शिपाई बोलावूं नये. धोका हा, कीं जें ‘नावडतें’ म्हणून सांगितलें, तें ‘मनाई तर नाहीं ना’ असें म्हणून लोक खुशाल करूं लागतात. आणि तशांत सोसावें लागणारें माणूस दुसरेंच असलें, तर त्या मधल्या मोकळ्या जागेंतच अन्याय घर करतो. ज्या कृतीचें फळ ज्याचें त्यालाच भोगावयाचें, ती त्याच्या विवेकावर सोडणें योग्य. पण जिचें फळ दुसऱ्याला भोगावें लागतें, तिच्याविषयीं शास्त्रानें नुसती नापसंति दाखवून थांबूं नये, हा धडा शिकण्यास आपल्या न्यायालयांना शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

तेव्हां यापुढें कोणी हराम आणि हलाल या दोनच शब्दांत हें शास्त्र उरकून टाकूं लागला, तर त्याला मधल्या तीन वर्गांची आठवण द्यावी. मुसलमान शेजाऱ्याची वागणूक समजण्यास ती उपयोगी पडेल. आपण स्वतः ज्या गोष्टी ‘कायद्यानें बंदी कोठें आहे?’ असें म्हणून करतों, त्या कोणत्या वर्गांत बसतात, हें पाहण्यासहि ती उपयोगी पडेल.